पाणी आले पाहिजे, गेले पाहिजे

अमेरिकेतील रेड रिव्हरच्या खोऱ्यात, बीटकाढणीच्या हंगामात, आर्डिस ट्वेटन या बाईंनी आपल्या चाकांच्या घरातील पाण्यावर जो शब्द दिला व तो ज्या रीतीने पाळला, ती हकीकत मी येथे आरंभापासून अंतापर्यंत क्रमवार निवेदन करीत आहे. तिच्यात पात्रे थोडी असून प्रसंग एका नळाचा व एका मोरीचा आहे. तथापि तो मला थोर वाटला, म्हणून लेखणी हाती घेतली.

“म्हातारे, सूर्य बुडायला आला. तू अजून चिखलातच लोळतेस होय?”

शेजारच्या ट्रेलरच्या पायरीवर बसून डेलबर्ट ओरडला. तो आयोवाकडचा, धान्याच्या कोठारांत जन्म घालवलेला, लठ्ठ आणि तोंडाळ गृहस्थ होता. आर्डिसबाई आपल्या ट्रेलरच्या मागल्या बाजूस पोत्यावर आडव्या झाल्या होत्या आणि त्यांचा एक हात खांद्यापर्यंत गाडीच्या पोटाखाली गेला होता.

“मी लोळेन नाहीतर झोपेन,” त्या आतूनच म्हणाल्या. “उद्या सकाळी कॉफी कोणाच्या दारात प्यायची आहे, ते आठवून बोल.”

“यंदा माझ्या दारात. यंदा मी पाइपाला विजेवर तापणारी पट्टी गुंडाळलीय.”

“गेल्या सालीही गुंडाळली होतीस. तिचा प्लग लावायचा असतो, डेलबर्ट.”

पायरीवरून मोठे हसू आले. बाईंनी टाकीच्या झडपेचा दांडा हिसका देऊन बाहेर ओढला. त्याबरोबर सांडपाण्याची टाकी मोकळी होऊ लागली आणि जाड पाइपातून पाणी घळघळ करीत जमिनीतल्या गटाराकडे धावले.

हंगामी कामगारांच्या त्या तळावर असा रिवाज होता की, पहिल्या गोठवणीनंतरच्या सकाळी ज्याच्या नळाला पाणी येईल, त्याने पातेल्यावर डाव वाजवावा व आपल्या ओळीतील सर्वांस कॉफी पाजावी. आर्डिसबाई त्या तळावर येऊ लागल्यापासून तो डाव दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नव्हता. नवऱ्याच्या पश्चात शेत विकून त्यांनी हा ट्रेलर घेतला, तेव्हा त्यांना पंप कोठे असतो हेदेखील ठाऊक नव्हते. पुढे त्या सर्व शिकल्या, आणि शिकताना जे जे फुटायचे ते एकदाच फुटले. आता सत्तरी उलटली होती. दिवसा त्या बिटांच्या ढिगापाशी उभ्या राहून भरलेल्या ट्रकांना हाताच्या खुणांनी ढीग रचणाऱ्या यंत्रापाशी घेत. कितीही घाईचा ड्रायव्हर असो, बाईंचा पंजा वर गेला की ब्रेक लागे.

त्या दिवशी आकाश काचेसारखे स्वच्छ झाले होते. अशा आकाशाखाली रात्री पारा शून्याच्या खाली घसरणार, हे तळावर कोणी कोणास सांगावे लागत नसे. बिटांना थंडी हवी असते, परंतु गोठण नको असते. गोठलेले बीट ढिगात गेले की ढीग सडतो. म्हणून सकाळचे काम बंद राहील असा निरोप आला होता, आणि ओळीतील प्रत्येक जण आपापल्या नळांच्या मागे लागला होता. आर्डिसबाईंनी दुपारीच तळाच्या नळाचा पाइप काढून, त्यातील पाणी झटकून, त्याचे वेटोळे आत न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवले होते. गाडीच्या पोटातील स्वच्छ पाण्याची टाकी भरून घेतली होती. खालच्या खणात ऊब राहावी म्हणून दिवा लावला होता, गाडीभोवती पेंढ्याचे भारे सारून वाऱ्याची वाट बुजवली होती. आता सांडपाण्याची टाकी निपटली की दांडा आत लोटायचा, बाहेरचा जाड पाइप सोडवून रिकामा करायचा, एवढेच काम राहिले होते.

त्या घळघळीचा शेवट ऐकत बाई पडल्या होत्या, तोच रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला.

“तुझा पोरगा आला वाटतं,” डेलबर्ट म्हणाला. “हातात भांडं आहे. मी जेवायला येऊ का?”

“तू आपल्या पट्टीचा प्लग शोध.”

बाई उठल्या, पोते झटकले, हात जीनला पुसले आणि मुलाला सामोऱ्या गेल्या.

कर्टिस हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पन्नाशीच्या घरातला. शहरात गालिचे विकण्याचे त्याचे छोटे दुकान होते. स्वभावाने मऊ, आणि आईपुढे बोलताना टोपी हातात फिरवण्याची त्याला सवय होती. सुनेने भांड्यात खिमा-भाजीवर बटाट्याचे कुरकुरीत गोळे रचून भट्टीत भाजलेला पदार्थ धाडला होता. तो दोघांनी घडीच्या टेबलाशी बसून खाल्ला.

“वाईट नाही,” आर्डिसबाई म्हणाल्या. त्या मुलुखात याहून मोठी स्तुती करीत नाहीत. “आता बोल. नुसतं भांडं द्यायला एवढ्या लांब कोणी येत नाही.”

कर्टिसने टोपी फिरवली. “आई, आमच्या गल्लीत तळमजल्यावरची जागा रिकामी झालीय. दोन खोल्या. पायरी एकसुद्धा नाही.”

“मला पायऱ्या चढता येतात.”

“येतात गं. पण तू या थंडीत गाडीखाली आडवी होतेस. एखाद्या दिवशी तिथेच राहिलीस तर?”

“मग डेलबर्ट बघेल. तो सारखा बघतच असतो.”

“मी चेष्टा करत नाहीये. परवा फोनवर तू मला एकच गोष्ट दोनदा सांगितलीस.”

“तू पहिल्यांदा ऐकलं नसशील.”

“ऐकलं होतं, आई.”

बाईंनी काटा खाली ठेवला. त्यांना राग आला होता, आणि रागावल्या की त्यांचा आवाज चढण्याऐवजी उतरे.

“हे बघ कर्टिस. दर भेटीला हेच दळण मला नको. आपण एकदाच काय तो निकाल लावू. आज रात्री गोठणार आहे. उद्या सकाळी माझ्या नळाला पाणी आलं पाहिजे, आणि मोरीतून ते गेलं पाहिजे. आलं आणि गेलं, तर त्या खोल्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही. अगदी मनातसुद्धा नाही.”

“आणि नाही गेलं तर?”

“तर हंगाम संपला की मी तुझ्या गल्लीत. बिनपायरीच्या घरात. कुरकुर करणार नाही.”

“आई, एका नळावर असं...”

“एका नळावरच. माझं घर माझ्या हातात आहे की नाही, हे त्यावरूनच कळतं.”

कर्टिसने टेबलावरून हात पुढे केला आणि आईने तो शेतकऱ्यासारखा एकदाच जोराने हलवला.

बाई लवकर निजल्या. कानातील यंत्र काढून त्यांनी फळीवर ठेवले, आणि मग त्यांना पंपाची घरघर ऐकू येण्याचा प्रश्नच उरला नाही. कर्टिस न्हाणीतल्या लहानशा बेसिनपाशी दात घासत उभा होता. येथे त्याच्या बालपणाचे थोडे सांगितले पाहिजे. ज्या रात्री शेतावरच्या घराच्या खिडक्यांवर बर्फाची नक्षी उमटे, त्या रात्री आई त्याला सांगे, तोटी किंचित उघडी ठेव बाळ, वाहते पाणी गोठत नाही. तो आईचे ऐकणारा मुलगा होता. आई जिंकली तर आपण हरणार, हेही त्याच्या मनात आले नाही. त्याने तोटी किंचित उघडी ठेवली, पाण्याचा दोऱ्यासारखा पीळ बेसिनमध्ये उतरताना पाहिला, आणि समाधानाने बाकावर आडवा झाला.

सकाळी तळावर पांढरे पडले होते. पेंढा पांढरा, ट्रकांची छपरे पांढरी, दूरवर बिटांचा ढीगही मीठ पेरल्यासारखा. आर्डिसबाईंनी कानात यंत्र चढवले, ओट्यापाशी गेल्या आणि नळ उघडला. पंप गुरगुरला. नळाने एकदा खाकरल्यासारखे केले, आणि पाणी आले. स्वच्छ आणि जोरकस.

त्यांनी पातेले घेतले, दार उघडले आणि डावाने असा काही ठोका दिला की पेंढ्यातील चिमण्या उडाल्या.

“माझ्या देवा!” डेलबर्ट अंगात कोट अडकवत बाहेर आला. त्याच्या हातात रिकामा मग होता. “पुन्हा तूच?”

“प्लग सापडला का?”

“सापडला. माझ्या जागेच्या खांबावरची वीजच गेली होती. हसू नकोस!”

ओळीतली माणसे आपापले मग घेऊन जमू लागली. कोणी म्हणाले, आमचा पाइप काठी झाला. कोणी म्हणाले, आमच्या पंपाने मान टाकली. बाईंनी मोठे भांडे चुलीवर चढवले. बटाट्याच्या पातळ पोळ्या, ज्यांना तिकडे लेफ्से म्हणतात, त्यांना लोणी-साखर लावून गुंडाळ्या केल्या. खिडकीतून मग आत येत होते, विसळले जात होते आणि भरून बाहेर जात होते. त्या वेळी त्यांची पाठ जितकी ताठ होती, तितकी मी तिशीतल्या माणसाचीही पाहिली नाही.

“कर्टिस!” त्यांनी न्हाणीकडे तोंड करून हाक मारली. “पाणी आलं. बाहेर येऊन बघ.”

“आई,” आतून आवाज आला. “पाणी इथेही आलंय. माझ्या पायाखालून.”

त्या धावल्या. अंघोळीच्या उथळ हौदात कर्टिस अनवाणी उभा होता. तळाच्या जाळीतून साबणाचे करडे पाणी वर येत होते आणि त्याच्या घोट्यांना लागले होते. खालची टाकी रात्रभरात तुडुंब भरली होती आणि ओट्यावर विसळलेल्या मगांच्या पाण्याला जायला वाट नव्हती. ते उलटे फिरून येथे वर आले होते.

“हलू नकोस,” आर्डिसबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला. “डेलबर्ट! मागे जाऊन पाइप बघ.”

डेलबर्ट मग ठेवून मागे गेला. क्षणभराने त्याची हाक आली, “किटली दे! गरम पाणी दे इकडे!”

एक किटली खिडकीतून गेली. दुसरी घेऊन बाई स्वतः निघाल्या. गाडीच्या मागल्या कोपऱ्यापाशी पोहोचल्या, तेव्हा डेलबर्ट गुडघ्यांवर बसला होता. त्याची पाठ त्यांच्याकडे होती. त्याने जोडावर उकळते पाणी ओतले, वाफेत हातमोज्यासकट हात घातला आणि बाहेर आलेला दांडा दोन्ही हातांनी आत लोटला. नंतर त्याने पाइप जोडापासून सोडवला. तो पाइप वाकेना. त्याच्या आत, तळापासून तोंडापर्यंत, रात्रभर थेंबाथेंबाने रचलेले बर्फ बसले होते. बाईंनी हे सर्व पाहिले आणि आल्या पावली त्या दोन पावले मागे सरल्या. डेलबर्ट वळला तेव्हा त्या नुकत्या आल्यासारख्या उभ्या होत्या.

तोपर्यंत कर्टिस ओल्या पायांत बूट घालून आला होता. मंडळीही भोवती जमली.

“हा बघा सोटा!” डेलबर्टने पाइप बंदुकीसारखा खांद्यावर घेतला. “आता खरं बोला. नळ ठिबकत ठेवून कोण झोपलं?”

“मी,” कर्टिस म्हणाला. “न्हाणीतला. आत्ता बंद केला. गोठू नये म्हणून...”

“पक्क्या घरातला तो पक्क्या घरातलाच!” डेलबर्टने कपाळावर हात मारला. “अरे बाबा, तुझ्या घराचं गटार जमिनीखाली खोल. इथे हा पाइप उघड्यावर निजतो. नळ ठिबकला की ठिबक इथे येऊन गोठते, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. झाला सोटा!”

सगळे हसले. कर्टिसही लाजून हसला. त्याने टोपी काढली.

“मग चूक माझीच. आई, तू जिंकलीस. त्या खोल्यांचं नाव मी पुन्हा काढणार नाही.”

“ऐकलंस ना, म्हातारे?” डेलबर्ट घाईघाईने म्हणाला. “साक्षीला अख्खी ओळ आहे. चला, कॉफी गार होतेय.”

वाचकहो, येथे ही हकीकत संपू शकली असती. त्या घरात बाईंना मरेपर्यंत राहता आले असते आणि कोणी त्यांना बोल लावला नसता. त्यांना फक्त गप्प राहून कॉफी प्यायची होती.

“डेलबर्ट,” त्या म्हणाल्या, “दांडा कुठे होता?”

“कुठला दांडा?”

“मला वेडं समजू नकोस. आत होता की बाहेर?”

“आत होता. आतच असतो तुझा. तू काय आज शिकतेस?”

“तुझ्या हातमोज्याला त्याचं ग्रीस लागलंय.”

डेलबर्टने हात खिशात घातला. त्याचा लाल चेहरा अधिकच लाल झाला. “आर्डिस,” तो हलकेच म्हणाला, “कॉफी गार होतेय गं.”

“होऊ दे.” त्या मुलाकडे वळल्या. “कर्टिस, तू तोटी रात्रभर वाहती ठेवलीस तरी एवढ्याने पाइपात थेंब उतरला नसता. दांडा आत लोटलेला असता, तर पाणी टाकीतच राहिलं असतं, आणि गाडीच्या पोटाला दिव्याची ऊब आहे. तो दांडा मी लोटायचा होता. पाइपही मी काढून ठेवायचा होता. काल तुझी गाडी आली, मी उठले, आणि विसरले.”

दुरून एका ट्रकचे इंजिन चालू झाल्याचा आवाज आला.

“मग अर्धी चूक तुझी, अर्धी माझी,” कर्टिस म्हणाला. “बरोबरी झाली. बरोबरीत कोणी हरत नाही.”

“मी म्हटलं होतं, पाणी आलं पाहिजे आणि गेलं पाहिजे. आलं. गेलं नाही.”

“आई, एक दांडा विसरलीस! कोण विसरत नाही?”

“मी विसरत नव्हते.” त्यांनी डेलबर्टच्या खांद्यावरून तो गोठलेला पाइप आपल्याकडे घेतला. “आज विसरले ते माझं मला कळलं आणि माझ्या तोंडाने मी सांगितलं. अशी वेळ येईल की मला कळणार नाही, मग तुम्ही आपसात कुजबुजाल आणि डेलबर्ट माझ्यामागे दांडे लोटत फिरेल. त्याच्या आधी मी आपल्या पायांनी येते. फक्त हंगाम संपल्यावर. ढीग अजून अर्धाच झालाय.”

कर्टिसच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. त्याला हवे होते तेच घडले होते, आणि त्या घटकेला त्याने ते परत दिले असते.

“मग मला कॉफी कोण पाजणार?” डेलबर्टने विचारले. चेष्टा करण्याचा त्याचा विचार होता, परंतु ती जमली नाही.

“खांबावरची वीज बघत जा,” आर्डिसबाई म्हणाल्या, आणि पाइप खांद्यावर टाकून तळाच्या सार्वजनिक न्हाणीघराकडे चालू लागल्या. कर्टिस हात लावायला धावला, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. मंडळी बाजूला झाली. त्यांनी गरम पाण्याखाली तो पाइप धरला, आतील बर्फाची नळी अखंड बाहेर घसरू दिली, पाइप परत आणून जोडला, टाकी निपटली, दांडा लोटला, पाइप सोडवून झटकला. मग आत जाऊन सर्वांचे मग पुन्हा गरम कॉफीने भरले. त्या दिवशी कॉफी कोणाच्याही दारात कमी पडली नाही.

दुपारी ऊन आले, बिटांवरची गोठण सुटली, यंत्र सुरू झाले. बाई ढिगावर आपल्या जागी होत्या. पुढील सर्व रात्री गोठवणीच्या गेल्या, आणि सर्व सकाळी त्यांच्याकडे पाणी आले व गेले. डेलबर्ट संध्याकाळी पायरीवर बसून त्यांना हिणवत असे, पण त्या गाडीखाली असताना तो हिणवणे लांबवी आणि दांडा आत बसल्याचा ठोका ऐकल्याशिवाय उठत नसे. हे त्यांना समजत होते. त्यांनी त्याला तेवढे करू दिले.

शेवटचा ट्रक रिकामा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कर्टिस आला. ट्रेलर विकायचा ठरला होता. डेलबर्ट म्हणाला, “नळ मी बंद करून देतो.” कर्टिस म्हणाला, “घेणारा बघून घेईल, आई.”

“घेणाऱ्याला माझे फुटलेले नळ मिळायला नकोत,” त्या म्हणाल्या.

त्यांनी टाक्यांतले पाणी सोडून दिले, पाणी तापवण्याचे भांडे मोकळे केले आणि पंपाची नळी त्या गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये बुडवली, जे हिवाळाभर नळ्यांत गोठत नाही. मग एकेक तोटी उघडत गेल्या. प्रत्येक ठिकाणी आधी स्वच्छ पाणी आले, मग फिकट, मग सरबतासारखे गुलाबी. ओट्याचा नळ त्यांनी शेवटी ठेवला होता.

“आलं की गुलाबी,” कर्टिस दारातून म्हणाला. “पुरे आता.”

“अजून फिकट आहे.”

त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. रंग भरून आला, तेव्हा तोटी बंद केली. फडक्याने ओटा पुसला, नळाची मान पुसली, फडके पिळून घडी केली. ओट्याखालच्या कपाटाची दारे उघडी होती, ती लावून घेतली.

मग त्या पायऱ्यांपाशी आल्या. खाली कर्टिसने त्यांना आधार द्यावा म्हणून हात वर केला होता. आर्डिसबाईंनी त्या हातात रिकामा कॅन दिला आणि पायऱ्या उतरल्या.

येथे माझे निवेदन संपले. त्याच तळावर, त्याच ओळीत राहून जे पाहिले आणि जे बाईंच्या व कर्टिसच्या तोंडून ऐकले, ते जमेल तसे शुद्ध भाषेत मांडले आहे. न्यूनाधिक झाले असल्यास दोष माझा, थोरवी बाईंची. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्वांचा मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
गोरखनाथ शिवा दुधभाते